पाठमोऱ्या शिंगांचा करार

कोचकोर, ६ मार्च

उमसुनाय,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. मुकाश शुक्रवारी ट्रक घेऊन येकातेरिनबुर्गला निघतोय. त्याच्याकडे हे पाकीट, वाळवलेल्या दह्याचं दोन किलो कुरुत आणि लोकरीच्या मोज्यांचा एक जोड दिलाय. कुरुत तरी परत पाठवू नकोस. मागच्या वेळी डबा जसाच्या तसा परत आला आणि मुकाशच्या बायकोने ती बातमी गावभर केली.

आधी कामाचं. पाकिटात नऊ पानांचा करार आहे. शेवटच्या पानावर तुझं नाव छापलंय, त्याच्यासमोर सही कर आणि मुकाशकडेच परत दे. बाकीची आठ पानं वाचत बसायची गरज नाही, नेहमीचंच आहे सगळं.

तरी तू विचारशील कसला करार, म्हणून सांगते. अल्माटीची एक कंपनी आहे, हॉटेलांच्या खोल्या सजवून देणारी. तिचा माणूस साकेन फेब्रुवारीत दुकानात आला होता. आम्ही त्याच्यापुढे होती नव्हती तेवढी शिरदाकं गालिच्यांसारखी जमिनीवर पसरली, सायराकान तर गाठोडी सोडता सोडता घामाघूम झाली. त्याने चार वाडगे चहा प्याला आणि शेवटी बोट कुठे ठेवलं? भिंतीवर टांगलेल्यावर. पाठमोऱ्या शिंगांच्या नमुन्यावर. म्हणाला, "एजे, अशी साठ हवीत. दोन वर्षांत द्या." साठ! सात बायकांचे दोन हिवाळे निघतील. लोकरीचा नमदा दाबून दाबून बोटं वाकडी झालेल्या बायका त्या दिवशी नव्या नवरीसारख्या हसत होत्या.

पूर्वी असा करार करायचा म्हणजे डोलोनचा घाट ओलांडून नारिनला जायचं आणि वकिलाच्या दारात बसायचं. आता मोबाइलवर करार लिहून देणारं यंत्र आलंय. ते एकेक प्रश्न विचारतं, आपण उत्तर द्यायचं, आणि चहा निवायच्या आत कलमांसकट मसुदा तयार. सायराकान त्याला कारकून म्हणते. "माझ्या नवऱ्यापेक्षा बरा," म्हणते, "विचारून तरी करतो." नंतर वकीलबाईंनी एकदा नजर टाकायची, की झालं.

तर कारकुनाने विचारलं, नमुना कोणाचा. मी लिहिलं, आईकडून माझ्याकडे आला. मग त्याने विचारलं, आईला आणखी कोणी वारस आहे का. यंत्राला कशाला हव्यात घरच्या चौकशा! पण विचारलं खरं, म्हणून तुझी सही लागतेय. एवढंच.

तू का गेलीस, असं लोक अजून विचारतात. मी सांगते, मला ठाऊक नाही. आपाला, आपल्या आईला, माती दिली तेव्हा तीन दिवस आलीस, तेव्हाही माझ्याशी बोलली नाहीस. असो. थोरल्या एजेने धाकटीच्या मागे किती धावायचं?

तुझी एजे,
कनिशाय


कोचकोर, २४ मार्च

उमसुनाय,

मुकाश रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, "कुरुत घेतलं, पाकीट घेतलं, मोजे घेतले, चहा दिला नाही." कुरुत घेतलंस हे ऐकून बरं वाटलं. पण सही कुठाय?

इथे सगळं तुझ्यावाचून अडून बसलंय असं समजू नकोस. नवरोजच्या दुसऱ्या दिवशी साकेन आला, तेव्हा घरी बोलावून मेंढा कापला. शेरगाझी आबाही आले. पंच्याऐंशीचे झाले, तरी घोड्यावरूनच येतात. मानाचं मुंडकं साकेनपुढे ठेवलं तर तो लाजला, आणि त्याने ते आबांकडे सरकवलं. माणूस रीतभात जाणणारा आहे.

जेवणं झाली तेव्हा आबा म्हणाले, "कागद कुठाय? आशीर्वादाची बाता काय हवेवर देऊ?"

मी करार आणून दस्तरखानावर रोट्यांशेजारी ठेवला. आबांनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी नुसता त्याच्यावर हात ठेवला.

"सगळं आहे ना यात?"

"सगळं आहे, आबा."

सायराकानला गप्प बसवत नाही, हे तू जाणतेसच. ती दारातून म्हणाली, "वकीलबाईंनी अजून बघितलेला नाही तो."

"बघतील की," मी म्हटलं. "वकील काय करणार? स्वल्पविराम मोजणार."

"वाचणारे नंतर वाचतील," आबा म्हणाले. "बाता देणारा आता बसलाय. उद्याची मला खात्री नाही." सगळे हसले आणि सगळ्यांनी ओंजळी उघडल्या. आबा बोलले, दोन्ही घरांची तोंडं एकाच दिशेला राहोत, शब्द दिलेला कोणी परत न घेवो, ओमीन. साकेन सगळ्यांत मोठ्याने ओमीन म्हणाला. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

आता तुला वेगळं सांगायला नको. चेहऱ्यावरून हात फिरला की शब्द बंद झाला. घोडा विकलेला माणूससुद्धा त्यानंतर लगाम धरत नाही. सही राहिलीय ती सरकारसाठी, पंधरा मेला साकेन त्यासाठी येणार आहे. आपल्या लेखी करार झाला.

तुला हसू येईल अशी एक गंमत सांगते. कारकून मसुदा देतो तेव्हा त्यात जागोजागी पिवळ्या ओळी टाकतो, हे वकिलाला विचारा, ते वकिलाला विचारा. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर, कच्चा मसुदा, तपासल्याशिवाय सही करू नये. पाहुण्यांपुढे असला डागाळलेला कागद कसा ठेवायचा? मी सगळं पुसलं आणि स्वच्छ प्रत छापून आणली. आबा म्हणाले, कागद देखणा आहे.

एप्रिलच्या मध्यावर मुकाश पुन्हा निघेल. सही कर, उमसुनाय.

कनिशाय


कोचकोर, ११ एप्रिल

उमसुनाय,

गुरुवारी वकीलबाई आल्या, बातमा सोरोनबाएव्ना. महिन्यातून दोनदा त्या कोचकोरला बसतात. मी करार घेऊन जाणार होते, पण त्या स्वतःच कामाच्या जागी आल्या. त्यांना बायकांना काम करताना बघायचं होतं. चहा घेता घेता पेन्सिलीने वाचायला लागल्या आणि सहाव्या पानावर थांबल्या.

"कनिशाय, कलम नऊ वाचलंत?"

"वाचलं. हा नमुना दुसऱ्या कोणाकडे नसावा, असं."

"मोठ्याने वाचा."

मी वाचलं. निर्माती, तिचे वारस आणि तिच्याकडील कारागीर हा नमुना विक्रीसाठी, भेट म्हणून किंवा घरगुती वापरासाठीसुद्धा पुन्हा कधीही बनवणार नाहीत.

म्हातारी बुरुलचा खिडकीपाशी शिवत होती. तिच्या मांडीवर नातीच्या लग्नाचं शिरदाक होतं, पाठमोऱ्या शिंगांचंच, अर्धं झालेलं. तिने विचारलं, "घरगुती म्हणजे?"

"म्हणजे हे," बातमा तिच्या मांडीकडे बोट करून म्हणाल्या.

"आणि कधीही म्हणजे किती वर्षं?"

"कधीही, आजी."

बुरुलचाने सुई नमद्यात खोचली आणि हात बाजूला घेतला. मला तिच्याकडे बघवेना.

मी कारकुनावर तोंडसुख घेतलं. हे त्याने कुठून आणलं, मी कुठे सांगितलं होतं? बातमांनी माझाच मोबाइल मागून घेतला आणि प्रश्न बघितले. बारावा प्रश्न असा होता: खरेदीदाराला हा नमुना फक्त स्वतःपुरता हवा आहे का? आणि माझं उत्तर: हो, अगदी.

आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? आपल्याकडे नवरीची आई काम सांगताना दरवेळी हेच बजावते, असं शिरदाक पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे दिसता कामा नये. आपण म्हणतो, हो हो, अगदी. ती खूश होते आणि पुढच्या महिन्यात तिच्याच जावेला आपण तसलंच विकतो. तिलाही ते ठाऊक असतं, आपल्यालाही. आपा हेच म्हणायची, मी हेच म्हणते. साकेनने तसं म्हटल्यावर मीही तसंच म्हटलं.

"ती तुमच्या गावातली नवरीची आई नव्हे," बातमा म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात, त्याने हो लिहिलं. आणि इथे त्याने ताकीदही दिली असणार. ती कुठाय?"

"पुसली."

"का?"

"पाहुणे यायचे होते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. अजून सही नाही. कच्चा मसुदा आहे, कलम काढून टाकू." मी सांगितलं की बाता झालीय. बाई नारिनच्याच, बातेचं वजन जाणणाऱ्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कच्च्या कागदावर?" एवढंच विचारलं आणि निवलेला चहा पीत बसल्या.

निघताना दारात विचारलं, "नमुना नक्की आईचाच?"

"आईचाच," मी म्हटलं. सायराकान माझ्याकडे बघत राहिली.

मी आबांकडे गेले. ते म्हणाले, "बाता म्हणजे काय दाराची कडी आहे, हवी तेव्हा काढली, हवी तेव्हा घातली?" साकेनला फोन केला. त्याचा आवाज तसाच गोड, पण आत ओलावा नव्हता. "एजे, आमच्या साहेबांना तर तेच कलम सगळ्यांत आवडलंय. आणि आपण ओमीन म्हटलंय ना?"

खूप विचार केला. एक नमुना गेला तर काय जातं? शिंगांचे नमुने शंभर आहेत. बुरुलचाच्या नातीला दुसरं शिवून देऊ. सात घरांचं दोन वर्षांचं काम एका बाजूला आणि एक नमुना एका बाजूला. आणि तू तर आता कारखान्यात पडद्यांना शिलाई मारतेस म्हणे, तुला शिरदाकाचं काय? पहिली प्रत तुझ्याकडे आहेच. सही कर आणि या वेळी मुकाशकडे दे. उमसुनाय, मला हे संपवू दे.

कनिशाय


कोचकोर, २ मे

उमसुनाय,

कागद मिळाला.

सहीच्या जागी सही नाही. सहाव्या पानावर 'घरगुती वापरासाठीसुद्धा' याच्या खाली निळी रेघ, आणि बाजूला तुझं अक्षर. मग माझ्या मुलीसाठी मी काय शिवू?

मी ते चार वेळा वाचलं. मग चुलीवरचं दूध उतू गेलं आणि मी बघत उभी राहिले.

मुकाशला विचारलं. तो म्हणाला, "आहे की. दोन वर्षांची. दोनदा पाहिली मी, फार बडबडी आहे."

"मला बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, एजे. उमसुनायने सांगितलं होतं, एजेने चौकशी केली तर सांग, आपण होऊन सांगू नकोस. तुम्ही दरवेळी एकच विचारलंत, सही केली का."

खरं आहे. मी तेच विचारलं.

म्हणून आता जे मला ठाऊक नाही असं मी लोकांना सांगते, ते लिहिते. तुला ठाऊकच आहे, पण मी कधी तोंडातून काढलं नाही.

तो नमुना आपाचा नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर तू तो खडूने काढलास, तेव्हा बावीस वर्षांची होतीस. मी तुला रागावले होते. शिंगं एकमेकांकडे बघतात, अशी पाठ फिरवून बसत नाहीत, लोक हसतील. तू ऐकलं नाहीस. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून तू एका दमात कापलंस आणि सुरी एकदाही उचलली नाहीस. मी तुझ्याआधी वीस वर्षं शिवत होते. लोक ज्याच्यापाशी थांबतील असं मला एकदाही काढता आलं नव्हतं. माझे टाके सरळ, माझी शिवण घट्ट, पण माझ्या शिरदाकापुढे कोणी थांबत नाही. ते शिरदाक उलगडलं तेव्हा मला आनंद झाला नाही. मत्सर झाला. हा शब्द लिहायला मला नऊ वर्षं लागली.

मग बिश्केकच्या जत्रेतली स्पर्धा. परीक्षकांनी विचारलं, हे कोणी केलं? आपा खुर्चीत होती, तू मागे चहाचं भांडं धरून उभी होतीस. मी म्हणाले, आमच्या आपाने. माझं नाव घ्यायची हिंमत नव्हती, तुझं घ्यायची दानत नव्हती. आईच्या नावाशी कोण भांडणार? येताना गाडीत आपा हळूच म्हणाली, "ते उमसुनायचं होतं." मी म्हटलं, "घरातलं घरात." त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. सायराकानने पुढच्या सीटवरून ऐकलं होतं. प्रमाणपत्र आपाच्या नावाने भिंतीवर लागलं आणि त्याच शरद ऋतूत तू गेलीस.

आणखी एक. कारकुनाचा दहावा प्रश्न होता: नमुना कोणी काढला, पूर्ण नाव लिहा. इतक्या वर्षांत इतकं सरळ मला कोणीच विचारलं नव्हतं. मी तुझं नाव लिहिलं, उमसुनाय. खरंच लिहिलं. मग खोडलं आणि आईकडून आला असं घातलं. त्यावर पिवळी ओळ आली, दुसऱ्या कोणी काढला असल्यास त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या, वकिलाशी बोला. ती ओळ मी पाहुण्यांसाठी पुसली, असं तुला लिहिलं होतं. खोटं आहे. तुला पाठवायच्या प्रतीतून मी ती आधीच पुसली होती. पाहुणे नंतर ठरले.

मी तुझं नाव दोनदा काढून घेतलं, आणि वर तुझ्याकडेच सही मागितली. माफ कर. याच्यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुझ्या सहीशिवाय करार पुढे जाणार नाही. पण आबांची बाता अजून त्याच्यावर बसलेली आहे आणि पंधरा तारखेला साकेन येतोय.

कनिशाय


कोचकोर, १६ मे

उमसुनाय,

काल झालं ते सांगते.

साकेन आला, आबा आले, शेजारचे आले. सायराकानने चहा मांडला. रोटी मोडायच्या आधी मी उभी राहिले. बुरुलचाने माझा झगा मागून धरला.

"आबा, तुम्ही दिलेली बाता मला परत करायचीय."

कोणाच्या तरी हातातला वाडगा खाली ठेवल्याचा आवाज आला. आबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

"पंच्याऐंशी वर्षांत," आबा सावकाश म्हणाले, "माझी बाता कोणी परत आणून दिली नाही. चोरांनीसुद्धा नाही."

"तुम्ही विचारलं होतं, सगळं आहे ना यात? मी हो म्हणाले. नव्हतं. नमुना आपाचा नाही, माझाही नाही. उमसुनायचा आहे. मी तिचं नाव काढून टाकलं."

सायराकान म्हणाली, "मी साक्षीला आहे. गाडीत आपा बोलली तेव्हा मी ऐकलं होतं."

"मग नऊ वर्षं कुठे होतीस?" शेजारची एक ओरडली.

"हिच्या पगारावर होते," सायराकान म्हणाली. "तुला जमलं असतं तर तू बोलायचं होतंस."

साकेनने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, पण परका झाला होता. "म्हणजे विकायला तुम्ही मालकीणच नाही?"

"नाही."

त्याने कागद पिशवीत भरले. साहेबांना विचारून कळवतो म्हणाला. रीतीप्रमाणे रोटीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि निघाला.

आबा उठले. मला वाटलं शिव्या देतील, काठी उगारतील. त्यांनी आपले दोन्ही तळवे बघितले. "मग ती बाता लागलीच नाही," म्हणाले. "खोट्यावर बाता लागत नाही. तू मोकळी आहेस. पण हात माझे होते, कनिशाय. गावासमोर माझे हात तू खोट्यावर उघडायला लावलेस." जेवले नाहीत, पाण्याचा घोट घेतला नाही. घोड्यावर चढवायला मी पुढे झाले तर त्यांनी शेजारच्या माणसाचा खांदा घेतला. माझ्या हातचा आधार त्यांना नको होता.

उमसुनाय, मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. बायका मांडलेलं जेवण झाकून ठेवत होत्या आणि दोन हिवाळ्यांचं काम गेलं हे कोणी तोंडाने बोलत नव्हतं. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

सोबत एक कागद जोडलाय. नमुना तुझा आहे, तू कोणत्या वर्षी कुठे काढलास, सगळं. कारकुनाकडूनच कच्चा लिहून घेतला, पण या वेळी पिवळ्या ओळींसकट बातमांकडे नेला. त्यांनी दोन ठिकाणी काट मारली, एक वाक्य स्वतः घातलं आणि शिक्का दिला. खाली माझी, सायराकानची, बुरुलचाची सही आहे. हा कागद तुझा, तो परत करायचा नाही. त्यात तुझ्या सहीला जागाच ठेवलेली नाही.

कनिशाय


कोचकोर, ३ जून

उमसुनाय,

काल साकेनचा फोन आला. त्याच्या साहेबांना दुसरा नमुना नको, हाच हवा. "एजे, मालकीण कुठे असते? आम्ही सरळ तिच्याशीच बोलू."

मी सांगितलं, संध्याकाळी फोन कर. पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे एक उत्तर देऊन टाकलं असतं. या वेळी सुया थांबवल्या आणि सगळ्यांना सांगितलं.

"तिने विकला तर?" एकीने विचारलं.

"विकला तर आपण तो शिवायचा नाही," मी म्हटलं. "बातमांनी स्पष्ट सांगितलंय. तिने कलम नऊसकट विकला, तर घरीसुद्धा नाही."

"पत्ता माहीत नाही म्हण," दुसरी म्हणाली. "रशिया मोठा आहे."

सायराकान तिच्यावर खेकसली. "पुन्हा तेच? एकदा खोटं चावताना सगळ्यांचे दात पडले, अजून भूक आहे का?"

"तुला काय जातंय? तुझ्या घरी कमावता नवरा आहे."

"तू बघितलायस ना त्याला? मग कमावता कशाला म्हणतेस?"

हसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मग सगळ्या बुरुलचाकडे बघायला लागल्या, कारण सगळ्यांत जास्त तिचंच जाणार होतं. नातीचं लग्न सप्टेंबरात आहे. ते शिरदाक ती एप्रिलपासून पुढे शिवत नाही आणि उसवतही नाही.

"पत्ता दे," ती म्हणाली.

"आणि उमसुनायला काय लिहू? विकू नकोस म्हणून लिहू?"

"काही लिहू नकोस. तू लिहिलंस की ती नाही म्हणेल तरी तुझ्यासाठी, आणि हो म्हणेल तरी तुझ्यावर सूड म्हणून. तिचं तिला ठरवू दे."

मी पत्ता दिला. पुढच्या आठवड्यात साकेनचं पत्र किंवा साकेन तुझ्या दारात असेल. माणूस वाईट नाही. त्याला चहा दे. मसुदा तू लिहून घे, त्याने आणलेल्यावर जाऊ नकोस, आणि सही करायच्या आधी तिथल्या वकिलाला दाखव. एवढं मी थोरली म्हणून सांगू शकते.

तू विकशील की नाही, मला खरंच कळत नाही. विकलास तर मी तुला बोल लावणार नाही, आणि इथे कोणाला लावू देणार नाही. भीती वाटते, तीही तुझ्यापासून लपवत नाही.

मुकाश आज परत निघतोय. मघाशी पाकीट घ्यायला आला तेव्हा तुझ्या मुलीचं नाव सांगणार होता. मी त्याला थांबवलं. नमुन्याबद्दल मी काहीच मागत नाही, पण ते नाव मात्र मागते. तू स्वतः सांगितलंस तर. नाही सांगितलंस तर तेही तुझंच आहे.

कनिशाय